हेकट माणसे आणि गोड माणसे

गेल्या महिन्यात माझी पुतणी चार दिवस घरी राहावयास आली होती. पुण्यातील एका संगणक कंपनीत ती नोकरी करते आणि नुकतीच सात जणांच्या एका गटाची प्रमुख झाली आहे. बढतीचे पेढे आम्ही आवडीने खाल्ले. पण तिच्या चेहऱ्यावर बढतीचा आनंद काही दिसेना. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बसलो असता ती म्हणाली, "काका, काम अवघड नाही हो, माणसं अवघड आहेत. एक जण तर असा आहे की मी काहीही सुचवलं तरी आधी 'हे होणार नाही' म्हणतो. त्याला गटातून काढूनच टाकावं असं वाटतं. तुम्ही इतकी वर्षं मॅनेजर होता, तुम्ही काय करायचात?"

मी तिला त्या वेळी दोन-चार वाक्यांत उत्तर दिले. ती झोपावयास गेल्यावर मात्र मला ते उत्तर अपुरे वाटू लागले. इतकेच नव्हे, तर थोडेसे अप्रामाणिकही. कारण अवघड माणसे सांभाळण्याच्या कामात मी स्वतः एकदा फार मोठी चूक केली होती आणि ती गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती. ती येथे सांगतो. आपल्या घराघरांतील मुलेमुली आज लहान-मोठ्या गटांचे नेतृत्व करीत आहेत. कोणी दुकान सांभाळतो, कोणी कारखाना, कोणी शाळा. त्यांच्यापैकी एखाद्यास जरी तिचा उपयोग झाला तरी माझी चूक वाया गेली नाही असे मी समजेन.

निवडीचा अधिकार नसलेला प्रमुख

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. सरकारी बँकेतील शाखाधिकाऱ्यास आपली माणसे निवडण्याचा अधिकार नसतो. प्रादेशिक कार्यालयातून बदलीचा आदेश निघतो आणि माणूस सामानासह येऊन उभा राहतो. तो कामसू असो वा कामचुकार, हसतमुख असो वा तिरसट, त्याच्यासह शाखा चालवावी लागते. एकत्र कुटुंबात जाऊ, दीर, नणंद निवडता येत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत या बंधनाचा मला अनेकदा राग आला. आज मात्र वाटते की, ती एक चांगली शाळा होती. माणूस काढून टाकता येत नसला म्हणजे त्याला समजून घेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

२००२ च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी म्हणून रुजू झालो. तो काळ बँकांसाठी मोठ्या उलथापालथीचा होता. नुकतीच स्वेच्छानिवृत्ती योजना येऊन गेली होती आणि अनुभवी माणसे एकदम कमी झाली होती. खातेवह्या जाऊन संगणक येत होते. आमच्या शाखेत चौदा माणसे उरली होती आणि काम वीस जणांचे होते.

या चौदांत एक होते आमचे हेड कॅशिअर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने सडपातळ, चष्मा नाकावर आणि बोलणे सुरीसारखे. रोखपालाची वेळ संपली की एक मिनिटही जास्त थांबणार नाहीत. शंभर नोटांच्या पाकिटात एक फाटकी नोट निघाली तरी सगळे पाकीट परत करणार. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये नोटांना पिना मारण्याची पद्धत बंद केली. पण व्यापारी सवयीने पिना मारूनच नोटा आणीत, आणि अण्णा त्यांना काउंटरसमोर उभे करून स्वतःच्या हाताने पिना काढावयास लावीत. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत जाई.

सहकाऱ्यांशीही त्यांचे पटत नसे. स्ट्राँग रूमची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली हेड कॅशिअरकडे आणि दुसरी एका अधिकाऱ्याकडे असते, म्हणजे रोकड दोघांच्या संयुक्त ताब्यात राहते. संध्याकाळी त्या अधिकाऱ्याने रोकड स्वतः तपासून मगच सही करावी असा नियम आहे. बहुतेक शाखांत तो अधिकारी पाकिटांवर नजर फिरवून सही करून मोकळा होतो. अण्णा तसे करू देत नसत. "मोजा, मग सही करा," एवढेच म्हणत. अधिकाऱ्यांना हा अपमान वाटे.

याच शाखेत दुसरे एक अधिकारी होते. त्यांच्याविषयी सांगताना आजही मला अवघड वाटते, कारण ते मला अत्यंत आवडत. चाळिशीच्या आतले, गोड बोलणारे, कोणाच्याही घरच्या कार्याला हजर राहणारे. सकाळी सर्वांच्या आधी येत आणि रात्री सर्वांच्या शेवटी जात. दोन वर्षांत त्यांनी सलग अशी रजा घेतलेली नव्हती. कोणाचे काम अडले की, "द्या इकडे, मी बघतो," असे म्हणत. संगणकाचा पासवर्ड विसरलेल्यांना तेच मदत करीत. त्यामुळे निम्म्या शाखेचे पासवर्ड त्यांना ठाऊक होते. मी मनातल्या मनात हिशेब मांडला होता: अण्णा म्हणजे डोकेदुखी आणि हे अधिकारी म्हणजे शाखेचा आधार.

दोन वेळा परत आलेली स्लिप

रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या व्यापारी खातेदाराने अण्णांविरुद्ध लेखी तक्रार केली. मी अण्णांना बोलावून त्यांची बाजू ऐकावयास हवी होती. ते न करता मी मेमो टंकून घेतला आणि शिपायाबरोबर प्यून बुक देऊन त्यांच्या काउंटरवर, भर गर्दीत, सही घेऊन तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या ग्राहकाचे पैसे मोजावयास घेतले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलू लागले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी दुपारी काउंटरवर वाद झाला. बरीच वर्षे व्यवहार नसलेल्या एका वृद्ध विधवा खातेदाराच्या बचत खात्यातून अठरा हजार रुपये काढण्याची स्लिप अण्णांकडे गेली होती. अण्णांनी ती परत पाठविली. त्यांचा प्रश्न साधा होता: "स्लिपवर पैसे काढायला खातेदार स्वतः पासबुक घेऊन यायला हवा. बाई कुठे आहेत? पासबुक कुठे आहे?" ते लाडके अधिकारी स्लिप घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले की, आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचा मुलगा बाहेर थांबला आहे, औषधाला पैसे हवेत. मी सही केली. अण्णांनी स्लिप दुसऱ्यांदा परत पाठविली. या वेळी सही नमुन्याशी जुळत नसल्याचा शेरा होता. मी चिडून केबिनबाहेर आलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "अण्णा, किती ताणायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मी बघितलंय, द्या पैसे."

त्यांनी पैसे दिले.

दिवाळीनंतर त्या अधिकाऱ्यांना मोटारसायकलचा अपघात झाला. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि महिनाभराची रजा घ्यावी लागली. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक आजी काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी चालत काउंटरवर आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी जपून ठेवलेले पासबुक काढले. नातीच्या लग्नासाठी त्यांना पैसे हवे होते. अण्णांनी पासबुक पाहिले, खाते पाहिले आणि काचेतून माझ्या केबिनकडे पाहिले. ती नजर मी विसरलो नाही. त्यात विजय नव्हता; मला तर त्यात भीतीच दिसली.

खात्यात जे पैसे असावयास हवे होते ते नव्हते. पुढे तपासात अशी आणखी तीन जुनी खाती निघाली. बँकेने खातेदारांचे पैसे भरून दिले. आजींच्या नातीचे लग्न ठरल्या दिवशी झाले. त्या अधिकाऱ्यांची दक्षता विभागामार्फत चौकशी होऊन त्यांना नोकरी गमवावी लागली. मलाही लेखी खुलासा द्यावा लागला. त्या चौकशीत मी थोडक्यात वाचलो, त्याला कारण अण्णांची वही. रोजच्या हिशेबाच्या वहीत त्यांनी त्या तारखेस पेन्सिलीने लिहिले होते: "स्लिप दोनदा परत. साहेबांच्या सांगण्यावरून दिली." त्या एका ओळीने माझी चूक सिद्ध झाली आणि तिच्यानेच माझी नियतही सिद्ध झाली, कारण पैशात वाटेकरी असलेला माणूस सर्वांदेखत मोठ्याने हुकूम देत नाही.

चारचौघांतली चूक, चारचौघांतली क्षमा

क्षमा मागण्याची रीत आपल्या अंगी लहानपणापासून बाणविली जाते. परंतु ती आपण घरात, नात्यात, परिचितांत पाळतो. कचेरीच्या उंबरठ्याशी ती बाहेर काढून ठेवतो. वरिष्ठाने कनिष्ठाची क्षमा मागितली तर शिस्त बिघडेल असे आपल्याला वाटते. मी प्रथम अण्णांना केबिनमध्ये बोलावून दोन शब्द बोलण्याचे ठरविले होते. मग माझ्याच मनाने मला विचारले, मेमो कोठे दिला होतास? सर्वांसमोर. माणुसकी कोठे शिकवली होतीस? सर्वांसमोर. मग क्षमा बंद दाराआड का?

डिसेंबरमधील कर्मचारी सभेत मी उभा राहून जे घडले ते सांगितले आणि हात जोडून अण्णांची क्षमा मागितली. शिस्त बिघडली नाही. उलट त्या दिवसानंतर एका मुलीने स्वतःहून येऊन सांगितले, "साहेब, माझाही पासवर्ड त्यांच्याकडे होता." चूक कबूल करणे या कचेरीत धोक्याचे नाही, एवढी खात्री पटली की माणसे बोलू लागतात. प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याला 'मानसिक सुरक्षितता' असे नाव दिले आहे. गटातील माणसांना न भिता बोलता आले तर गट लवकर शिकतो, हा त्याचा आशय. मला तो शब्द पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाला; पण अर्थ त्या सभेत कळला.

त्या संध्याकाळी तिजोरी बंद केल्यावर अण्णा प्रथमच माझ्याकडे चहाला थांबले. बोलता बोलता म्हणाले की, नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका शाखेत बाजाराच्या दिवशी रांगेतील लोक आरडाओरडा करीत होते, मॅनेजर घाई करीत होते आणि संध्याकाळी रोकड कमी भरली. रोखपालाकडे तूट आली की ती त्यानेच भरावयाची असते. ती भरण्यात त्यांची दोन वर्षे गेली. घरात तान्हे मूल होते. "तेव्हापासून कोणी 'लवकर करा' म्हटलं ना साहेब, की माझे हात थरथरतात. मग तोंडातून वाकडं येतं."

आम्ही ज्याला हेकटपणा म्हणत होतो ती एक जुनी जखम होती. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये माणसाच्या एका सार्वत्रिक चुकीला नाव दिले. दुसरा माणूस वाईट वागला की आपण त्याचा स्वभावच तसा असे म्हणतो आणि त्याची परिस्थिती विसरतो; स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थितीचे कारण आपल्याला चटकन दिसते. मी उशिरा आलो तर वाहतूक कोंडी होती. सहकारी उशिरा आला तर तो आळशी. अण्णांविषयी मी नेमके हेच केले होते.

स्वभाव नव्हे, वर्तन

येथे वाचकांनी असा समज करून घेऊ नये की, त्यानंतर अण्णा मृदुभाषी झाले. तसे काही झाले नाही. पन्नाशीनंतर कोणाचा स्वभाव बदलत नाही आणि तो बदलणे हे शाखाधिकाऱ्याचे कामही नाही. बदलता येते ती परिस्थिती आणि काही प्रमाणात वर्तन.

परिस्थितीविषयी आम्ही तीन गोष्टी केल्या. बाजाराच्या दिवशी लहान रकमांसाठी दुसरा काउंटर उघडला, त्यामुळे अण्णांपुढची रांग आटोपशीर झाली. नोटा मोजण्याचे आणखी एक यंत्र मागवून घेतले. आणि नव्या मुलांना रोखीचे काम शिकविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. ज्या काटेकोरपणाचा ग्राहकांना जाच होत होता, तोच शिकवताना गुण ठरला.

वर्तनाविषयी मात्र मी सवलत दिली नाही. एका निवृत्तिवेतनधारक आजोबांना ते लागेल असे बोलले, त्या दिवशी काम संपल्यावर मी त्यांना एकटे बोलावले. "अण्णा, तुमचा स्वभाव तापट आहे," असे म्हणालो असतो तर त्यांनी मान्य केले नसते, किंवा मान्य करून हात वर केले असते. मी म्हणालो, "आज अकराच्या सुमारास तुम्ही त्या आजोबांना बहिरा म्हणालात. पुढचे दहा मिनिटं ते बाकावर मान खाली घालून बसले होते. उद्या ते येणार आहेत." एवढेच. दुसऱ्या दिवशी अण्णांनी काउंटरवरून उठून त्यांना पैसे बाकावर नेऊन दिले. शब्द एकही बोलले नाहीत. पण त्यांच्याकडून मला तेवढे पुरेसे होते.

स्वभावावर बोट ठेवले की माणूस बचावाला उभा राहतो. घटना सांगितली, वेळ सांगितली, परिणाम सांगितला की त्याला विचार करावयास जागा मिळते.

इतर काही अवघड माणसे

अण्णांच्या धड्याचा पुढे उपयोग झाला. एका शाखेत कर्मचारी संघटनेचे प्रतिनिधी माझ्या प्रत्येक निर्णयाला सभेत विरोध करीत. मी एक बदल केला: कोणताही निर्णय जाहीर करण्यापूर्वी आदल्या दिवशी त्यांना बोलावून विचारू लागलो, "यात अडचण कुठे येईल?" त्यांच्या दहा हरकतींपैकी चार-पाच खऱ्या निघत आणि निर्णय सुधारे. सभेतील विरोधही निम्म्यावर आला, कारण आता निर्णयात त्यांचाही हात असे.

कोअर बँकिंग आले तेव्हा एक ज्येष्ठ लिपिक संगणकाला हात लावीनात. 'ही सगळी नाटकं आहेत' असे म्हणून ते सर्वांना नाउमेद करीत. खरे कारण लाज होते: तीस वर्षे ज्यांच्या अक्षराची वाखाणणी झाली, त्यांना तरुणांसमोर एका बोटाने कळा शोधाव्या लागत होत्या. आम्ही त्यांना सकाळी अर्धा तास लवकर बोलावून, कोणी नसताना, एका नव्या मुलाकडून शिकविले. बदल्यात त्यांनी त्या मुलाला कर्जाची कागदपत्रे वाचावयास शिकविले. घेणाऱ्यालाही काही देता आले की घेण्याचा संकोच जातो.

मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. समजून घेणे म्हणजे खपवून घेणे नव्हे. कोणी सहकारी स्त्रीशी असभ्य वागत असेल तर तो 'अवघड स्वभाव' नाही, तो गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तक्रार तेथेच गेली पाहिजे. प्रमुखाने 'जाऊ द्या, मी समजावतो' म्हणून ती दडपू नये. पैशांची अफरातफर, जातीवरून वा धर्मावरून अपमान, मारहाणीची धमकी, या बाबींतही लेखी नोंद आणि नियमानुसार कारवाई हाच मार्ग आहे.

आणि गोड माणसांविषयी? सगळी गोड माणसे लबाड नसतात. बहुतेक खरोखरच चांगली असतात. पण नियम हा माणसाच्या गोडव्यावर अवलंबून ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील जागेवरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा पूर्वसूचना न देता सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी लागते. त्यामागे हाच अनुभव आहे: खुर्चीवरचा माणूस काही दिवस बदलला की दडलेले वर येते. जो कधीच रजा घेत नाही, ज्याच्याशिवाय काहीच चालत नाही, त्याचे कौतुक करण्याआधी प्रमुखाने एकदा त्याचे काम दुसऱ्याच्या हाती देऊन पाहावे. त्यात त्या भल्या माणसाचेही हित आहे. त्याला विश्रांती मिळते आणि संशयाला जागा उरत नाही.

आणि आपण स्वतः?

माझ्या निरोपसमारंभात एक सहकारी भगिनी हसत हसत म्हणाल्या, "साहेब, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही केबिनमध्ये बोलावलंत की आमच्या पोटात गोळा यायचा. तुम्ही कागदावरून मान वर न करताच बोलायचात." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना लक्षात आले की, इतकी वर्षे मी अवघड माणसांची जी यादी मनात बाळगली होती, तिच्यात एक नाव राहून गेले होते. प्रत्येक प्रमुखाने वर्षातून एकदा तरी एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला विचारावे, "माझ्याबरोबर काम करताना सर्वांत अवघड काय जाते?" आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसावे.

पुतणीला मी हे सर्व फोनवर सांगितले. शेवटी म्हणालो, "त्या 'होणार नाही' म्हणणाऱ्याला एकदा एकटं बसवून विचार, 'का होणार नाही?' आणि वही घेऊन बस."

गेल्या रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, बसले त्याच्यासमोर. चाळीस मिनिटं बोलला. निम्मे टोमणे होते, निम्मं खरं होतं. खरं तेवढं लिहून घेतलं आणि कामाचं वेळापत्रक बदललं."

"आणि टोमणे?"

"ते चालूच आहेत."

मी म्हटले, चालू दे. अण्णांचेही शेवटपर्यंत चालू होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिजोरीची किल्ली नव्या हेड कॅशिअरच्या हाती दिली, तेव्हाही ते त्या मुलाला एवढेच म्हणाले, "आधी मोज, मग सही कर."